मोठ्या देहाची लहान मुले

लहान मुलाच्या प्रकृतीची पारख आपल्याकडे नेहमीच डोळ्यांनी होत आली आहे. तान्हे मूल मांडीवर घ्यावे, दंडावरच्या वळ्या मोजाव्यात, छान बाळसे धरले आहे असे म्हणावे, आणि लगेच आपलीच दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या गालावर काजळाची तीट लावावी, हा घरोघरचा परिपाठ आहे. त्यात वावगे काही नाही. ज्या मुलखात दुष्काळ पिढ्यान्‌पिढ्या वस्तीस आला, तेथे भरलेले अंग हेच आयुष्याचे तारण वाटावे हे साहजिकच होय. खानापूर तालुक्याचे मुख्य ठाणे जे विटा, त्याचा परिसर असाच कमी पावसाचा. हे गाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते; त्या साली ते दक्षिण सातारा या नव्या जिल्ह्यात गेले, आणि १९६० साली त्या जिल्ह्याचेच नाव सांगली झाले. जिल्ह्याची पाटी अशी दोनदा बदलली. बाळसेदार मुलाचे कौतुक मात्र होते तसेच राहिले.

या कौतुकाच्या आड काही थोडी मुले अशी असतात की, ज्यांचा देह त्यांच्या वयाच्या पुढे धावतो. आईबापांच्या अंगलटीवर गेलेली धिप्पाड मुले निराळी. त्यांच्याविषयी येथे बोलणे नाही. बीजातच काही बदल घडून आल्यामुळे ज्यांच्या सर्व देहाची, किंवा एखाद्याच अवयवाची, वाढ मर्यादा सोडून होते, त्यांच्याविषयी आम्ही लिहीत आहो. वैद्यकात या विकारांस अतिवृद्धीचे विकार म्हणतात. त्यांतील प्रत्येक विकार विरळा आहे. सोटोस यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार सुमारे १४,००० जन्मांत एकदा, आणि बेकविथ व वीडेमान यांच्या नावाचा सुमारे १०,५०० जन्मांत एकदा आढळतो, असा अजमास आहे. एका तालुक्याच्या हिशेबाने ही संख्या नगण्य दिसेल. परंतु ज्या घरात असे मूल जन्मास येते त्या घराला हा हिशेब काय उपयोगाचा?

अशा मुलांचा इतिहास पाहू गेले असता दोन गोष्टी वारंवार आढळतात. पहिली ही की, जगाने त्यांचा देह पाहिला, वय पाहिले नाही. दुसरी ही की, देह असा का झाला हे विचारण्याची वेळ आली तेव्हा लोकांनी बोट बहुधा आईकडे दाखविले. या दोन्ही अन्यायांचा उगम आणि निरास कसा झाला, हे थोडक्यात सांगण्याचा येथे विचार आहे.

प्रथम आपल्या पुराणग्रंथांकडे वळू. महाभारताच्या आदिपर्वात भीमाच्या बालपणाची एक कथा आहे. वाघाच्या भयाने कुंती एकदम उठली, मांडीवर निजलेला भीम खाली शिळेवर पडला, आणि त्याच्या अंगाच्या आघाताने शिळेचेच तुकडे झाले. पंडूला ते पाहून नवल वाटले, असे कथा सांगते. ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. आणि मूल उंचावरून पडले तर त्याला लागले काय, हा प्रश्न ती ऐकताना आपणांपैकी फारच थोड्यांच्या मनात आला असेल. घटोत्कचाचे तर बालपणच नाही. तो जन्मला आणि त्याच घटकेस तरुण झाला, असे व्यासांनी वर्णिले आहे. पुढे युद्धाच्या चौदाव्या रात्री कर्णाच्या शक्तीने तो पडला तेव्हा पांडव शोक करीत होते, परंतु श्रीकृष्णास आनंद झाला, कारण अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती खर्ची पडली होती. मोठ्या देहाचे मूल कामास येते, त्याला लागत नाही, आणि त्याला लाडाची गरज नाही, ही समजूत या कथांनी निर्माण केली असे आमचे म्हणणे नाही. ती समजूत लोकांत होतीच. कथांत तिचे प्रतिबिंब पडले. आजही शाळेच्या आवारात अशा मुलाला भीम, घटोत्कच आणि कुंभकर्ण हीच नावे मिळतात.

आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी या विषयाकडे अधिक शांतपणे पाहिले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंदित मानलेल्या आठ शरीरांचा एक अध्याय आहे. अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश, अशी ती आठ शरीरे होत. गणना आठांची असली तरी अध्यायात विवेचन येते ते अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचेच. अतिदीर्घाचे नाव यादीत राहिले, पण त्याची चिकित्सा तेथे सांगितली गेली नाही. मात्र याच संहितेच्या शारीरस्थानात याहून महत्त्वाचा विचार आढळतो. बीजाचा जो भाग बिघडलेला असेल, त्यापासून होणाऱ्या अवयवात विकृती येते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. जन्मजात व्यंगाची कारणे सांगताना बीज, पूर्वकर्म, गर्भाशय, काळ आणि मातेचा आहारविहार अशी पाच कारणे दिली आहेत. पाचांपैकी लोकांनी ध्यानात ठेवले ते शेवटचे. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळ्यांत भलते खाल्ले, तिन्हीसांजेस नको तेथे गेली, अशा शब्दांत सुनेचा झाडा घेण्याची रीत आपल्या खेड्यापाड्यांतून अद्याप गेलेली नाही.

आता आमच्या प्रस्तुत मुलखाची गोष्ट. सातारा, सांगली आणि कोल्हापूर हा पट्टा तालमींचा. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड भरतात, आणि अंगाने थोराड मूल दिसले की, त्याला लाल मातीत उतरवा, असा सल्ला चार माणसे न विचारता देतात. या सल्ल्यात प्रेम असते हे खरे. तथापि सोटोस विकाराच्या मुलाचे स्नायू लहानपणी बहुधा सैल असतात; ते उशिरा चालू लागते, उशिरा बोलू लागते, आणि हातापायांचा मेळ त्याला लवकर साधत नाही. देह पैलवानाचा दिसतो, बळ मात्र त्याच्या खऱ्या वयापेक्षाही कमी असते. बळाची पारख देहाच्या आकारावरून होत नाही हे या मुलखाला निराळे सांगण्याचे कारण नव्हते. कारण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधील पहिले वैयक्तिक पदक १९५२ साली हेलसिंकी येथे मिळवून देणारे खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, आणि ते लढले ५७ किलोंच्या बँटम गटात. विट्याच्या गलाईवाल्यांस तर ही गोष्ट धंद्यावरूनच ठाऊक आहे. जुने दागिने आणि सराफांच्या दुकानांतील कचरा वितळवून त्यातून शुद्ध सोनेचांदी वेगळी करण्याच्या या कामासाठी विटा आणि त्याभोवतालच्या गावांतील माणसे केरळापासून बंगालपर्यंत पसरली आहेत. नुसत्या वजनावरून कस ठरत नाही, हा त्यांच्या कारागिरीचा पहिलाच धडा होय.

या पट्ट्याचा आणखी एक वारसा येथे सांगितला पाहिजे. भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे हे सांगली जिल्ह्यातील अंकलखोपचे. त्यांनी १८८० च्या सुमारास आपली सर्कस उभी केली, आणि त्यांच्यामागून या भागातून सर्कशीचे अनेक मालक व कसरतपटू निघाले. कसरतीची ती विद्या खरोखर अभिमानास्पद आहे. परंतु सर्कशीच्या रिंगणात ठेंगणा मनुष्य विदूषक म्हणून उभा राहिला, आणि निराळ्या देहाकडे तिकीट काढून पाहावे ही सवय त्याबरोबर रूढ झाली. ही सवय केवळ आपली नव्हे. युरोप आणि अमेरिकेत तिचा इतिहास फार लांब आणि फार दुःखद आहे, आणि त्या इतिहासातील तीन चरित्रे आमच्या विषयाशी निकट संबंध ठेवतात.

पहिले चरित्र आयर्लंडच्या चार्ल्स बर्नचे. १७६१ साली जन्मलेला हा तरुण १७८२ साली लंडनमध्ये आला आणि लोक पैसे देऊन त्याला पाहू लागले. त्याची उंची साडेसात फुटांहून अधिक होती. मेल्यावर शरीरशास्त्रज्ञ आपला देह पळवतील ही धास्ती त्याला होती, म्हणून आपले प्रेत समुद्रात बुडवावे अशी त्याने मित्रांस विनंती केली. १७८३ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तो वारला. आणि जॉन हंटर या प्रख्यात शल्यविशारदाने त्याचा देह पैसे देऊन मिळविला. दोन शतकांहून अधिक काळ त्याचा सांगाडा लंडनच्या संग्रहालयात उभा होता. २०११ साली मार्ता कोर्बोनित्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सांगाड्याच्या दातांतून मिळविलेल्या द्रव्यात एका जनुकाचा बदल दाखवून दिला, आणि तोच बदल उत्तर आयर्लंडमधील आज हयात असलेल्या काही कुटुंबांत आढळला. म्हणजे बर्न हा राक्षस नव्हता, कोणाचा तरी आप्त होता. २०२३ साली ते संग्रहालय नव्याने उघडले तेव्हा त्याचा सांगाडा प्रदर्शनातून काढून घेण्यात आला होता.

दुसरे चरित्र इंग्लंडमधील लेस्टरच्या जोसेफ मेरिकचे. १८६२ साली जन्मलेल्या या मुलाचे डोके, उजवा हात आणि पाय यांची वाढ बालपणापासूनच विलक्षण होऊ लागली. त्याच्या घरात अशी समजूत होती की, आई गरोदर असताना जत्रेतील एका हत्तीस पाहून घाबरली, त्याचा हा परिणाम. स्वतः मेरिकनेही आपल्या लहानशा आत्मवृत्तात हेच कारण दिले आहे. लेस्टरचा हत्ती आणि आमच्याकडील ग्रहण ही एकाच समजुतीची दोन रूपे होत. मेरिक दहा वर्षांचा असताना आई वारली; पुढे पोटासाठी त्याला स्वतःचे प्रदर्शन मांडावे लागले, आणि १८९० साली लंडनच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. त्याचे डॉक्टर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत त्याच्या आईविषयी फार कठोर शब्द लिहिले; तिने मुलाला टाकून दिले असा त्यांचा समज होता. वास्तविक ती मरण पावली होती, आणि मेरिक तिच्याविषयी सदैव प्रेमाने बोले व तिची तसबीर जवळ बाळगी. मायकेल हॉवेल आणि पीटर फोर्ड यांनी १९८० साली त्याचे खरे चरित्र लिहिले तेव्हा या आईवरील तो डाग पुसला गेला. एकदा हत्तीच्या निमित्ताने आणि दुसऱ्यांदा मुलाला टाकल्याच्या आरोपाने, असा त्या माउलीला दोनदा दोष लागला.

तिसरे चरित्र अमेरिकेतील इलिनॉय प्रांतातल्या ऑल्टन गावच्या रॉबर्ट वॅडलोचे. त्याचा विकार पियूषिका ग्रंथीचा होता आणि या लेखातील इतर विकारांहून निराळा. पण आईबापांच्या वर्तनाचा धडा त्यात असल्याने तो येथे घेतला आहे. १९१८ साली जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षीच वडिलांहून उंच झाला, आणि अखेरीस त्याची उंची ८ फूट ११ इंचांवर गेली. त्याच्या आईबापांनी त्याला इतर भावंडांसारखेच वाढविले, शाळेत धाडले, आणि त्याच्या मापाचे बाक करवून घेतले. जोड्यांच्या कंपनीसाठी तो गावोगाव फिरू लागला तेव्हा वडील त्याच्याबरोबर असत. सर्कशीबरोबर काही काळ काम करावे लागले, तरी नेहमीच्या पोशाखातच आणि मुख्य रिंगणातच उभा राहीन, चमत्कारांच्या तंबूत नाही, अशी त्याची अट होती. १९४० साली पायाच्या आधारपट्टीने घोट्यास जखम होऊन ती चिघळली आणि बाविसाव्या वर्षी तो गेला. त्यानंतर आईबापांनी त्याच्या बहुतेक वस्तू नष्ट केल्या, की त्या कोणी कुतूहलाच्या बाजारात मांडू नयेत. आणि त्याचे दफनही काँक्रीटच्या भक्कम पेटीत केले, की देह कोणी उकरू नये. बर्नला जे संरक्षण मित्रांकडून मिळाले नाही, ते वॅडलोला आईबापांनी दिले.

ही तिन्ही चरित्रे घडली तेव्हा अतिवृद्धीच्या ज्या जन्मजात विकारांविषयी आम्ही येथे लिहीत आहो त्यांतील प्रमुखांस नावेच नव्हती. ती मिळाली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९६३ साली अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ ब्रूस बेकविथ यांनी, आणि १९६४ साली जर्मन बालरोगतज्ज्ञ हान्स-रुडॉल्फ वीडेमान यांनी, मोठी जीभ, बेंबीजवळील पोटाच्या भिंतीचा दोष आणि वाढलेली इंद्रिये असलेल्या बालकांचे वर्णन परस्परांपासून स्वतंत्रपणे केले. त्याच १९६४ साली बोस्टन येथे हुआन सोटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या मुलांची वाढ पहिल्या काही वर्षांत फार झपाट्याची, कपाळ रुंद, हनुवटी निमुळती, आणि शिकण्याची गती मंद अशी होती. १९७९ साली मायकेल कोहेन आणि पॅट्रिशिया हेडन यांनी एकाच देहात काही भाग अफाट वाढलेले आणि काही नेहमीसारखे असलेल्या रुग्णांचे वर्णन केले. १९८३ साली वीडेमान यांनी त्या विकारास, नाना रूपे घेणाऱ्या ग्रीक देवतेवरून, प्रोटियस हे नाव दिले. मेरिकला बहुधा हाच विकार असावा, असे मत १९८६ पासून मांडले गेले आहे.

नाव मिळाल्याने औषध मिळाले नाही, हे खरे. परंतु नाव मिळाल्याने काय पाहावयाचे ते कळले. बेकविथ-वीडेमान विकाराच्या बालकाच्या रक्तातील साखर जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत धोकादायक रीतीने उतरू शकते. ती वेळीच पाहिली तर मेंदूची हानी टळते. या बालकांस मूत्रपिंडाच्या व यकृताच्या गाठींचा संभव इतरांहून अधिक असतो, म्हणून सातव्या-आठव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी, असे सांगितले जाते. सोटोस विकारात हृदय, मूत्रपिंड आणि पाठीचा कणा तपासावा लागतो, फिट्यांकडे लक्ष ठेवावे लागते, आणि व्यायाम व वाचा यांचे उपचार लवकर सुरू करावे लागतात. आईबापांच्या मनास धीर देणारी एक गोष्टही कळली: सोटोस विकारातील ही वाढ पुढे मंदावते, आणि प्रौढपणी उंची पुष्कळदा सामान्य मर्यादेच्या वरच्या टोकापाशी येऊन थांबते.

याहून मोठी गोष्ट नव्या शतकात घडली. २००२ साली नागासाकी येथील जपानी संशोधकांनी सोटोस विकाराचे मूळ पाचव्या गुणसूत्रावरील एनएसडी-१ या जनुकात असल्याचे दाखविले. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो. आईत नसतो, बापात नसतो. आईबाप निरोगी असतील तर पुढच्या मुलास तोच विकार होण्याचा संभव शंभरात एकाहूनही कमी असतो. बेकविथ-वीडेमान विकाराची उपपत्ती आणखी सूक्ष्म निघाली. अकराव्या गुणसूत्रावरील वाढीच्या एका जनुकाची बापाकडून आलेली प्रत जागी असावी आणि आईकडून आलेली निजलेली असावी, अशी निसर्गाची योजना आहे. ही शिस्त मोडली की वाढीवरचा लगाम सुटतो. ही चूक बहुधा गर्भाच्या अगदी आरंभीच्या दिवसांत होते. प्रोटियसचे रहस्य २०११ साली उलगडले. लेस्ली बीसेकर यांच्या अमेरिकेतील चमूने २९ पैकी २६ रुग्णांत एकेटी-१ या जनुकाचा एकच बदल शोधून काढला, आणि तो देहाच्या काही पेशींतच होता. म्हणजे तो गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भाच्या एखाद्या पेशीत घडला होता. आईने काय खाल्ले, काय पाहिले, कोणत्या ग्रहणात काय चिरले, यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. लेस्टरच्या त्या आईची निर्दोष मुक्तता व्हावयास असा सव्वाशे वर्षांचा काळ लोटला. विट्याच्या एखाद्या घरात आज सुनेस दोष दिला जात असेल, तर त्या घराने हा निकाल वाचलेला नाही असेच म्हटले पाहिजे.

उपचारांची दिशाही याच ज्ञानातून निघाली. एखादाच अवयव अफाट वाढण्याच्या विकारांपैकी काहींचे मूळ पीआयके-३-सीए या जनुकात आहे. तेच जनुक कित्येक कर्करोगांतही बिघडते, म्हणून कर्करोगासाठी तयार होत असलेले अल्पेलिसिब हे औषध पॅरिसच्या ग्विलोम कॅनो यांनी अशा १९ रुग्णांस देऊन पाहिले, आणि त्याचा गुण आल्याचे २०१८ साली प्रसिद्ध केले. २०२२ साली अमेरिकेत त्यास या विकारांसाठी मान्यताही मिळाली. सर्व अतिवृद्धींवर ते चालत नाही. पण जेथे हातपाय तोडण्यावाचून गत्यंतर नसे, तेथे काही रुग्णांस निराळा मार्ग दिसू लागला आहे.

आता आपल्या व्यवस्थेकडे पाहू. इंग्रजी अमदानीत बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर होते, म्हणून १९२४ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रेडिंग यांच्या पुढाकाराने शिशुसप्ताह सुरू झाले. अशा सोहळ्यांत बालकांची प्रदर्शने भरत आणि सुदृढ बालकास बक्षीस मिळे. स्वातंत्र्यानंतर १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली, अंगणवाड्या निघाल्या, आणि मुलांचे वजन तक्त्यावर नोंदले जाऊ लागले. हे काम अत्यंत मोलाचे आहे. मात्र त्या तक्त्यावर सेविकेची नजर सहजच खालच्या रेषेकडे असते, कारण कुपोषित मूल शोधणे हे तिचे मुख्य कर्तव्य. वरच्या रेषेबाहेर गेलेल्या मुलाविषयी कोणी चिंता करीत नाही. उलट त्याच्या आईचे अभिनंदन होते. बक्षिसाच्या जुन्या कल्पनेचाच हा अवशेष होय. वास्तविक वाढीचे उत्तम तक्ते आपल्याच प्रांतातून निघाले आहेत. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधनसंस्थेतील डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या कामातून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठीचे तक्ते २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांवर वरची रेषाही आहे, आणि आईबापांच्या उंचीवरून मुलाची अपेक्षित उंची ताडून पाहण्याची पद्धतही वैद्यांस ठाऊक आहे. प्रश्न रेषेचा नाही, त्या रेषेकडे पाहण्याच्या सवयीचा आहे.

विट्याच्या आईबापांस आज कोणते मार्ग मोकळे आहेत? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्याची तपासणी पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत येतात, आणि जन्मजात दोष व वाढीतील विलंब शोधणे हे त्यांचे कामच आहे. मिरज जवळ आहे. तेथे डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि दूरदूरच्या रोग्यांस मिरजेचा रस्ता शंभर वर्षांहून अधिक काळ पाठ आहे. जनुकांच्या तपासणीसाठी मात्र पुणे-मुंबई गाठावी लागते. दुर्मिळ रोगांसाठीचे राष्ट्रीय धोरण २०२१ साली जाहीर झाले, आणि त्याखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. गलाईच्या धंद्यामुळे परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांस आणखी एक अडचण येते. मुलाचा जन्म एका प्रांतात, पहिली तपासणी दुसऱ्यात, आणि आजी-आजोबा विट्यास; कागद तीन भाषांत आणि तीन गावांत विखुरलेले. अशा घरांनी जन्मवेळचे वजन, डोक्याचा घेर, प्रत्येक वर्षाची उंची आणि प्रत्येक सोनोग्राफीचा कागद एकाच बस्त्यात बांधून बरोबर ठेवावा. व्यापाराच्या वह्या नीट ठेवणाऱ्या माणसांस हे जड जाऊ नये.

परंतु रुग्णालयाचे दिवस वर्षातून थोडे. उरलेले सर्व दिवस घरातले. दोन वर्षांचे, अद्याप न चालणारे, आणि वजनाने चार वर्षांच्या मुलाएवढे भरणारे मूल दिवसभर कडेवर वागविणे म्हणजे काय, हे त्या आईची कंबरच जाणते. मूल खेळता खेळता मित्राला मिठी मारते, मित्र खाली पडतो, आणि हा दांडगा आहे असे गाऱ्हाणे घरी येते. मुलगी असेल तर लोकांची नजर अधिकच बोचते. सहा वर्षांची पोर दहा-अकरा वर्षांची दिसली की तिच्या धावण्या-हसण्यावर बंधने सुचविली जातात. एस.टी.च्या गाडीत पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धे तिकीट लागते. पण अशा मुलाच्या आईला जन्माचा दाखला पिशवीत घेऊनच गाडीत चढावे लागते. वाहकाचा त्यात दोष नाही. तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो. तरीही आपले मूल लहान आहे हे कागद दाखवून सिद्ध करण्याची पाळी आईवर दर प्रवासात यावी, आणि ते मुलाने शेजारी बसून ऐकावे, यातली व्यथा लहान नाही.

म्हणून या मुलांच्या संगोपनात सर्वांत अवघड काम औषधाचे नसून हे आहे, की त्याला त्याच्या खऱ्या वयाने वागवावे आणि इतरांसही तसे वागवावयास लावावे. पाच वर्षांच्या मुलाने रडू नये अशी अपेक्षा कोणी करीत नाही; मग आठ वर्षांच्या दिसणाऱ्या पाच वर्षांच्या मुलानेही रडावे. शिकणे सावकाश होत असेल तर देहाकडे पाहून त्याला वरच्या वर्गात ढकलू नये, आणि मंद म्हणून मागच्या बाकावर टाकूही नये. त्याच्या मापाचे बाक आणि त्याच्या गतीचा पाठ, दोन्ही त्यास मिळावेत. अपंगत्वाविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत, आणि बौद्धिक अक्षमता त्यांत आहे. ज्या मुलास ती असेल त्याच्यासाठी शाळेकडे मागणी करणे ही भीक नव्हे, तो हक्क होय. आणि जे मूल बुद्धीने इतरांसारखेच आहे, कारण या विकारांत असेही पुष्कळ असतात, त्याच्या देहावरून त्याची कीव करणे हाही अन्यायच.

ऑल्टनच्या आईबापांनी मुलाच्या पश्चात त्याच्या अब्रूचे रक्षण केले, त्याला काँक्रीट लागले. जिवंतपणी ते रक्षण करावयास त्याहून पुष्कळ कमी सामग्री पुरते. शेजाऱ्याने मुलाचे वजन विचारण्याऐवजी वय विचारावे, गुरुजींनी टोपणनाव थांबवावे, अंगणवाडीच्या बाईंनी वरच्या रेषेबाहेरील मुलाचीही वैद्यास चिठ्ठी द्यावी, आणि सासूने ग्रहणाचा विषय सोडून नातवंडाला घटकाभर स्वतःच्या मांडीवर घ्यावे, म्हणजे सुनेच्या कंबरेस विसावा मिळेल. एवढ्या गोष्टी विट्यासारख्या गावात आजच्या आज होण्याजोग्या आहेत, आणि त्या व्हाव्यात म्हणूनच हा इतिहास आम्ही वाचकांपुढे ठेवला आहे.